माझ्या नावावर काय आहे त्याचा दाखला

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार घालायचा तर आमच्या खोलीत जमिनीवर तेवढी जागा उरलेली नाही (बाबांची खाट आडवी लावावी लागली, नाहीतर दार उघडत नाही), तेव्हा हा नमस्कार उभ्याउभ्याच पावता करून घ्या. मामींनाही तसाच. तुमचा गुडघा कसा आहे? दुकानाची पायरी चढताना अजून कट्‌ असा आवाज येतो का? आणि डोळे? दिवसभर भिंग लावून घड्याळाच्या पोटात बघत बसायचं म्हणजे काही खायचं काम नाही. त्यात हल्ली घड्याळ दुरुस्त करून घेतो कोण, सगळे मोबाइलमध्ये वेळ बघतात, हे तुम्ही मागे आईला सांगितलंत, ते तिने मला सांगितलं, आणि तेव्हापासून मी बंद पडलेलं का होईना पण मनगटावर घड्याळ घालतो. तुमच्यासाठी. फोन करणार होतो, पण गेला दीड महिना तुम्ही तो उचलत नाही. एवढ्या टिकटिकीत रिंग ऐकू येत नसेल असं आई म्हणते. (मी वेगळं काहीतरी म्हणालो होतो. तिने मला गप्प केलं.)

पत्राला कारण आहे. ते सगळ्यात शेवटी सांगतो, कारण तुम्हाला रक्तदाब आहे आणि मला लिहिताना घाई झाली की मी शिव्या देतो. सध्या एवढंच ध्यानात घ्या की आमचं राहतं घर जायच्या बेतात आहे आणि ते मी घालवलं आहे. जुगारात नाही, दारूत नाही. प्रेमात. म्हणजे कुणी सहानुभूतीसुद्धा दाखवत नाही.

बाबांचा धंदा तुम्हाला माहीत आहे, पण तो चालायचा कसा ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण आमच्याकडे जेवताना त्याबद्दल बोलायची बंदी होती. आजाऱ्याची खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, ऑक्सिजनचं मशीन, भाड्याने. प्रत्येक खाटेच्या पायावर लाल ऑइलपेंटने नंबर. अनामत आधी, भाडं महिन्याचं, सगळं रोख. खाट परत येण्याचे मार्ग दोन. एक तर माणूस उठून बसतो, आणि मग घरचे शेवटच्या आठवड्याच्या भाड्यावरून हुज्जत घालतात, गादीवरचा डाग आमचा नव्हेच म्हणतात. नाहीतर माणूस जातो, आणि मग घरचे फोन करतात की आत्ताच्या आत्ता घेऊन जा, अनामत राहू दे, पण ती वस्तू डोळ्यांसमोर नको. बाबा म्हणायचे, गेलेल्या माणसाच्या घरी पावती फाडायला हात धजत नाही. हे ते खरंच मनापासून म्हणायचे. फक्त जिवंत माणसाच्या घरीही त्यांचा हात तितकाच धजत नसे. असा वीस वर्षं न धजलेला हात कुठे ना कुठे पैसे ठेवणारच. बाबांनी ते वस्तूंमध्ये ठेवले: तिसऱ्या मजल्यावरचं हे घर, खाटांचं गोदाम, आणि एक पांढरी गाडी, जी चालवायची नाही असा नियम होता, कारण चालवली तर लोक बघतील. रविवारी संध्याकाळी बाबा तिचं आच्छादन अर्धं वर करून आत जाऊन बसायचे, काचा लावून रेडिओ ऐकायचे आणि तासाभराने घरी परत यायचे. आई विचारायची, कुठवर गेला होतात? ते म्हणायचे, लांबवर.

आता या वस्तू ठेवायच्या कुणाच्या नावावर? स्वतःच्या नावावर ठेवल्या तर प्राप्तिकराच्या विवरणपत्रात काय दाखवायचं? आईच्या नावावर ठेवल्या तर ती कुणालाही सांगेल. तेव्हा मी नुकताच अठरा वर्षांचा झालो होतो. बाबांचं म्हणणं, ज्या माणसाची फाइलच नाही त्याला शोधणार कोण? आणि फाइल नसलेला माणूस माझ्याइतका दुसरा कोणी नव्हता. मी तीन ठिकाणी सह्या केल्या. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, तुझ्या लायकीच्या पलीकडचं आहे, सही कर. पुढे मी कॉलेजही सोडलं. (परीक्षेत पर्यवेक्षकाने माझ्या पेनात चिठ्ठी आहे म्हणून पेन उघडायला लावलं. मी ते खिडकीतून बाहेर फेकलं आणि मग त्याच्यामागे दारातून मीही गेलो. पेनात चिठ्ठी नव्हती, पण होती का हे कुणी आजवर विचारलेलं नाही.) तेव्हा बाबा चिडले असतील असं तुम्हाला वाटेल. उलट त्यांना बरंच वाटलं. पोरगा पदवीधर झाला असता तर नोकरीला लागला असता, नोकरी लागली असती तर फाइल झाली असती.

मग ती. नाव लिहीत नाही, कारण ती सध्या माझ्याशी बोलत नाही आणि परवानगी विचारायची सोय नाही. घरोघर जाऊन पक्षाघाताच्या, मोडलेल्या हाडांच्या लोकांकडून व्यायाम करून घेते. मी वॉकर पोचवायला गेलो होतो, ती एका आजोबांना म्हणत होती, पाय उचला, अजून, अजून, भीती वाटली तर माझ्याकडे बघा. आजोबांनी बघितलं की नाही माहीत नाही. मी बघितलं. त्यानंतर वर्षभर त्या भागात वॉकर, काठ्या, सगळं मीच पोचवलं, आणि एका काठीचे रबराचे बूट बदलायला चार वेळा गेलो. तिला मी आवडायला लागलो याचं मला अजून आश्चर्य वाटतं. तिलाही वाटतं, तिने तसं बोलून दाखवलं आहे.

तिचे वडील वजनमापे निरीक्षक होते. आता निवृत्त आहेत, पण माणूस आत आला की आधी त्याच्या दोन्ही हातांकडे बघतात, जणू एका हातात कमी भरतंय. मी तिथे लग्नाचं बोलायला गेलो, एकटाच, कारण बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला खाटेबरोबर घडी करून ठेवलं असतं. निरीक्षकांनी चहा विचारला नाही. शिक्षण? अर्धं. नोकरी? बाबांच्या दुकानात. पगार? जेवण. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, म्हणजे नावावर काहीच नाही. बस, मामा. तुम्ही मला ओळखता. माझ्या डोक्यात गेलं की खालीच येत नाही. मी म्हणालो, नावावर किती आहे ते आठ दिवसांत छापील आणून दाखवतो, आणि दार आपटून बाहेर आलो. (दार त्यांचं होतं. कडी निसटली. तीही पुढे माझ्याविरुद्ध धरली गेली.)

आता ऐका मी काय केलं ते, आणि वाचताना बसून घ्या. घराची नोंद एका कार्यालयात, गोदामाची दुसऱ्या, गाडीची तिसऱ्या. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. चार वर्षं ते तसंच सुखाने चाललं होतं. मी सरकारी सुविधा केंद्रात गेलो आणि खिडकीतल्या कारकुनाला म्हणालो, हे सगळं माझ्या ओळख क्रमांकाला जोडून एका कागदावर द्या. त्याने चष्मा वर करून मला विचारलं, सगळं? मी म्हणालो, सगळं. कर्जासाठी हवंय का? मी म्हणालो, लग्नासाठी. तो म्हणाला, अकरा वर्षं इथे बसतोय, जोडू नका म्हणून हातापाया पडणारे रोज येतात, जोडा म्हणणारे तुम्ही पहिलेच. मला तो मान वाटला, मामा! मी छाती काढून सही केली. दोन दिवसांत दाखला मिळाला, शिक्क्यासकट. मी लॅमिनेट करून घेतला, मोठ्या आकारात.

निरीक्षकांनी तो भिंगाखाली धरला. खूप वेळ धरला. मग म्हणाले, एवढी मालमत्ता आणि उत्पन्न शून्य, म्हणजे एक तर हे तुझं नाही, किंवा चोरीचं आहे. माझी मुलगी यातल्या कुठल्याच घरात जाणार नाही. ती आतल्या दारात उभी होती. तिने मला विचारलं, हे तू स्वतः जाऊन काढून आणलंस? मी हो म्हणालो. तेव्हा तिने कपाळाला हात लावला, आणि मी मूर्खासारखा समजलो की ती भारावली.

एकोणीस दिवसांनी प्राप्तिकरवाल्यांची नोटीस आली. हल्ली ते माणसं शोधतच नाहीत. वस्तू शोधतात. घर, गाडी, गोदाम एका बाजूला ठेवायचं, विवरणपत्रातलं उत्पन्न दुसऱ्या बाजूला, आणि तराजू कलला की पत्र आपोआप छापून निघतं. नोटीस माझ्या नावाची. आयुष्यात मला आलेलं पहिलं टपाल, आणि त्यात रक्कम एवढी की मी शून्यं बोटाने मोजली, मग आईला मोजायला लावली. बाबांनी ती घडी करून ऑक्सिजनच्या मशीनखाली सरकवली आणि म्हणाले, चुकून आलंय. पुढच्या आठवड्यात चुकून दोन माणसं आली आणि मोजदादीसाठी गोदामाला सील लावून गेली. त्या संध्याकाळी बाबा जिन्यात बसून राहिले. पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, सापडलं कसं? मी चार वर्षं एवढी काळजी घेतली, सापडलं कसं? मला सांगायला नको होतं. पण खोटं बोलून त्यांना चार शेजाऱ्यांवर संशय घेत बसवण्यापेक्षा मी दाखला आणून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला. प्लास्टिकवर जिन्यातला दिवा चमकत होता म्हणून त्यांनी तो तिरका केला, वाचला, आणि त्यांची उजवी बाजू गेली. दाखला जिन्यावरून खालपर्यंत घसरत गेला, मामा. त्याला काही झालं नाही. लॅमिनेट होता.

तेव्हा इस्पितळातून आईने तुम्हाला फोन केला होता, तो तुम्ही उचलला होता. तुमच्याकडे पैसे नव्हते, तुम्ही तरी काय करणार. मामींचं मंगळसूत्रसुद्धा गहाण आहे म्हणालात, हे ऐकून आईने स्वतःचं दुःख बाजूला ठेवून मामींसाठी डोळे पुसले.

बाबांना घरी आणलं तर खाट हवी, आणि सगळ्या खाटा सीलमागे. दुकानात एकच उरली होती, अकरा नंबर. आमच्या धंद्यात हे कुणी उघड बोलत नाही, पण अकरा नंबरवरून आजपर्यंत कुणी उठलेलं नाही. बाबा स्वतः तिला कधी ओळखीच्या घरी पाठवत नसत. उचलून तिच्यावर ठेवताना त्यांनी मान वळवून पायावरचा नंबर बघितला. मी रात्रीतून ऑइलपेंटने त्याचे सतरा केले. सकाळी ते त्या ओल्या सातकडे बघत होते. वीस वर्षं स्वतः रंगवलेला आकडा माणूस ओळखणार नाही का?

बोलणं गेलंय. एकच शब्द राहिलाय, “नाही.” पंधरवड्यापूर्वी सील लावणारे ते दोघे जबाब घ्यायला घरी आले, खाटेशेजारी खुर्च्या टाकून बसले. हे घर तुमचं आहे? नाही. मग मुलाचं आहे? नाही. पैसे तुम्ही दिलेत? नाही. मुलाने दिले? नाही. तुम्हाला प्रश्न समजतोय ना? नाही. त्यातला धाकटा लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, साहेब, अगदी आपल्या नेहमीच्या जबाबासारखाच आहे. मी त्याची कॉलर धरली. ती नसती तर (ती रोज सकाळी येते, बाबांच्या व्यायामासाठी, पैसे घेत नाही) आणखी एक प्रकरण झालं असतं. तिने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि सोड म्हणाली. तेवढंच. मला उद्देशून त्या महिन्यात तिने उच्चारलेला तो एकमेव शब्द. बाकी ती बाबांशीच बोलते, पण मला ऐकू जाईल अशा बेताने: हात वर, श्वास घ्या, आणि माणसाने सुनावणीत खरं सांगावं, हां, आता डावा पाय.

गेल्या मंगळवारी सुनावणी झाली. वकील नाही, बाबांचे कर सल्लागार गावाला गेलेत, कुठल्या ते त्यांच्या बायकोलाही माहीत नाही. अधिकारी बाई वयाने आईएवढ्या, टेबलावर औषधाची डबी, वारांची नावं लिहिलेली. त्यांनी विचारलं, वय? बावीस. गोदाम घेतलंत तेव्हा? अठरा. तेव्हा काय करत होतात? मी म्हणालो, शिकत होतो. आणि गेल्या वर्षी? प्रेम. त्या म्हणाल्या, त्यावर अजून कर नाही, पुढे बोला. मग माझा दाखला त्यांच्या फाइलमध्ये दिसला. म्हणाल्या, आमच्याकडे एवढी नावं आहेत की तुमच्यापर्यंत पोचायला आम्हाला दोनेक वर्षं लागली असती. तुम्ही आपणहून आलात. हे त्यांनी कुचेष्टेने म्हटलं असतं तर मी टेबल उलटवलं असतं. पण त्यांना माझी खरोखर कीव आली होती, आणि कीव आली की मला काही सुचत नाही.

खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. घर बाबांचं, पैसे बाबांचे, पावत्या नाहीत. तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी लिलावाच्या नोटिशीचा मसुदा माझ्याकडे सरकवला. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेला एक खिडकी. त्या खिडकीत आई सुई ओवते, तिला बाकी कुठे दिसत नाही. सुविधा केंद्रात रांगेत उभा असताना भिंतीवर एक तक्ता वाचला होता, जवळच्या नातेवाइकाने दिलेल्या भेटीवर कर नाही, आणि खाली नात्यांची यादी. आई, वडील, भाऊ, बहीण, मामा.

मी म्हणालो, मामांनी दिलं. सगळं. भाच्यावर जीव आहे त्यांचा.

तर मामा, तुमच्या परिस्थितीची पूर्ण कल्पना असताना मी तुमचं नाव घेतलं, याची माफी मागण्यासाठी हे पत्र. तुम्ही घड्याळाच्या काट्यांवर जगणारे, आणि मी तुम्हाला गोदाम वाटणारा करून ठेवलं. मोठ्या मनाने पोटात घाला. मामींना सांभाळा, गुडघ्याला शेक घ्या.

तुमचा,
नावावर बरंच काही असलेला भाचा

ता. क. : बाईंनी पुढे काय केलं ते वर लिहायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही, मी मागे ठेवलं. त्यांनी तुमचं नाव, धंदा, गाव विचारलं आणि संगणकात घातलं. मी मनात म्हणालो, आता एक सायकल निघणार आणि या हसणार. त्या हसल्या नाहीत. पडदा माझ्याकडे वळवला. बाजारपेठेत दोन गाळे, भाड्याने दिलेले. एक फ्लॅट. वळणरस्त्याला एक प्लॉट. मंगळसूत्राची नोंद तिथे नसते, त्यामुळे ते गहाण आहे की नाही कळलं नाही. बाई म्हणाल्या, मग बरोबर आहे, तुमचे मामा देऊ शकतात. मी खोटं बोललो होतो, मामा, आणि ते खोटं मला सगळीकडून पटायला लागलं.

ता. क. २ : येत्या नऊ तारखेला, गुरुवारी सकाळी अकरा वाजता तुम्ही स्वतः येऊन सही करायची आहे, तसं बोलावणं निघेल. दिलं म्हणालात तर कुठून दिलं ते तुम्हाला विचारतील. नाही म्हणालात तर तुमच्या बहिणीची खिडकी जाईल. पण नऊ तारखेच्या आत आमचा कर आणि दंड भरला गेला तर प्रकरण तिथेच मिटतं, कुणालाच बोलवायचं कारण राहत नाही. मी गोदाम आणि गाडी देऊन टाकतोय, तरी एका गाळ्याएवढी रक्कम कमी पडते. याला धमकी समजू नका. मला धमकी देता येते, तुम्ही ऐकलेली आहे, तिच्यात नमस्कार नसतो.

ता. क. ३ : तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली (बाबांना नाही, मला), पैसे भरल्यावर आधी लेखी दे की मामांचं नाव खोटं घेतलं, मग माझ्या घरी ये, वडिलांशी मी बोलते. म्हणजे तुम्ही पैसे दिलेत तर मला खरं बोलता येईल. खरं बोलणं इतकं महाग असतं हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मी होतोच किती दिवस.

ता. क. ४ : हे पत्र आईला वाचून दाखवलं. पहिल्या ताजा कलमानंतर ती उठून आत गेली, बाबांची कूस बदलून आली, आणि म्हणाली, गाळ्यांचं सगळं खोड, त्याला वाईट वाटेल. खोडतो म्हणालो. खोडलेलं नाही, तुम्ही बघताच आहात. खाली ती स्वतः दोन ओळी लिहिते आहे.

दादास, धाकटीचा नमस्कार. हा तापट आहे, याचं मनावर घेऊ नकोस. ते गाळे तुझे नाहीत हे मला ठाऊक आहे. तुझे असते तर त्या दिवशी तू मला नाही म्हणाला असतास का? कुणीतरी तुझ्या नावावर करून ठेवले असतील. भोळ्या माणसाच्याच नावावर करतात, आमच्याकडेही तेच झालं. ज्याचे कुणाचे असतील त्याला एवढंच विचार की त्यातला एक विकला तर चालेल का. नको म्हणाला तर मला त्याचा पत्ता कळव, तू मध्ये पडू नकोस. मी स्वतः येऊन त्याच्या दारात बसते.